रिडबर्गचा आकडा आणि हिशेबात उरलेली बाकी

गॅसवर वरणाचे पातेले ठेवलेले असते. दारावरची बेल वाजते, आपण दोन मिनिटे बाहेर जातो आणि वरण उतू जाते. धावत येऊन पाहावे, तर बर्नरची निळी ज्योत जागोजागी पिवळीधमक झालेली. वरणाच्या जागी आमटी असो, रस्सा असो किंवा नुसते मिठाचे पाणी असो, रंग तोच. चिमूटभर कोरडे मीठ ज्योतीवर भुरभुरले तरी तोच. मीठ पांढरे, ज्योत निळी. मग हा पिवळा आला कुठून? आणि दर वेळी नेमका हाच पिवळा का?

मिठातल्या सोडियममुळे, हे उत्तर शाळेत मिळते. खरा प्रश्न त्याच्या पुढे आहे. सोडियमचा अणू पिवळाच रंग का देतो? हायड्रोजन भरलेल्या नळीतून वीज सोडली की ती गुलाबी का उजळते? दिवाळीच्या आतषबाजीत स्ट्रॉन्शियमचा लाल आणि बेरियमचा हिरवा का? हे रंग ठरवते कोण?

या साऱ्यांच्या मुळाशी एक आकडा आहे: एका मीटरमागे १,०९,७३,७३१.५६८१५७. त्याला रिडबर्ग स्थिरांक म्हणतात. निसर्गातल्या सर्वांत काटेकोरपणे मोजलेल्या राशींपैकी ही एक. हा आकडा कसा सापडला, तो काय सांगतो आणि त्याच्याशी न जुळलेल्या मोजमापांनी आपल्याला काय मिळवून दिले, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

काळोखातल्या रेषा

उन्हाचा कवडसा काचेच्या लोलकातून गेला की भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टी उमटते. हाच वर्णपट. पण मीठ टाकलेल्या ज्योतीचा उजेड अरुंद फटीतून लोलकावर सोडला, तर अशी भरगच्च पट्टी दिसत नाही. काळोखात एक पिवळी रेघ उठून दिसते. उपकरण चांगले असेल तर कळते, की त्या एकमेकींना खेटून असलेल्या दोन रेषा आहेत. त्यांच्या प्रकाशलहरींची लांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये १८५९-६० च्या सुमारास रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताफ किर्खहॉफ यांनी दाखवून दिले, की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांचा संच वेगळा असतो, जसा माणसागणिक अंगठ्याचा ठसा वेगळा. या ठशांवरून त्यांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्येच शोधून काढली.

ठसे तपासण्याच्या या विद्येचा एक धागा आपल्या कोकणातून जातो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाजवळ किनारा ओलांडून जमखंडीमार्गे गुंटूरकडे गेली. विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याच ग्रहणाच्या निरीक्षणासाठी बांधले होते, असे तिथे सांगतात. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेशी एक पिवळी रेषा दिसली आणि ती सोडियमची समजली गेली. त्याच वर्षी नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून काळजीपूर्वक पाहिले. रेषा सोडियमच्या जागेवर बसत नव्हती, ती ५८७.६ नॅनोमीटरवर होती. फरक जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा. तेवढ्या फरकातून हेलियम हे नवे मूलद्रव्य पुढे आले.

ठसे ओळखता येऊ लागले, तरी त्या रेषा त्याच जागी का पडतात हे कोणालाच सांगता येत नव्हते.

बासलचे मास्तर आणि चार अपूर्णांक

हायड्रोजनचा ठसा सर्वांत साधा. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या त्याच्या चार रेषा स्वीडनच्या आँगस्ट्रॉम यांनी मोजून ठेवल्या होत्या: लाल ६५६.२१, निळसर हिरवी ४८६.०७ आणि जांभळ्या बाजूच्या दोन, ४३४.०१ व ४१०.१२ नॅनोमीटर.

स्वित्झर्लंडमधल्या बासल गावी योहान याकोब बाल्मर हे मुलींच्या शाळेत शिकवणारे गणिताचे मास्तर होते. १८८५ साली, साठीला टेकलेले असताना, त्यांनी या चार आकड्यांचे कोडे सोडवले. ३६४.५६ हा आकडा घ्या आणि त्याला ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ या अपूर्णांकांनी गुणा. चारही रेषा मिळतात.

पण या अपूर्णांकांत सूत्र कुठले? बाल्मर यांनी दुसऱ्या आणि चौथ्या अपूर्णांकाला वर-खाली ४ ने गुणले. ४/३ चे १६/१२ झाले आणि ९/८ चे ३६/३२. आता क्रम पाहा: ९, १६, २५, ३६. म्हणजे ३, ४, ५, ६ चे वर्ग. आणि छेद? प्रत्येक अंशातून ४ वजा केले की छेद मिळतो. पुढचा अपूर्णांक अर्थातच ४९/४५. तिथे पाचवी रेषा असायला हवी, आणि तशी ती होतीच. ताऱ्यांच्या प्रकाशात तर पुढच्या आणखी रेषाही मोजल्या गेल्या होत्या.

कागद घेऊन हे गुणाकार एकदा स्वतः करून पाहावेत. शाळेतली अपूर्णांकांची उदाहरणे आणि उजळलेल्या हायड्रोजनचा रंग यांचा मेळ बसतो, तो क्षण विलक्षण असतो.

रिडबर्ग: टाके मोजणारा माणूस

त्याच काळात स्वीडनच्या लुंड विद्यापीठात योहानेस रिडबर्ग लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम या धातूंच्या रेषांचा ढीग घेऊन बसले होते. या रेषा बाल्मर यांच्या सूत्रात बसत नाहीत. रिडबर्ग यांनी मोजण्याची पद्धतच बदलली.

शिवणीचे उदाहरण घेऊ. एक टाका किती लांब हे मोजता येते, तसे एका वितीत किती टाके बसतात हेही मोजता येते. टाके लहान असले की संख्या वाढते. रिडबर्ग यांनी प्रकाशलहरीची लांबी बाजूला ठेवली आणि एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी मावतात ते मोजले. याला तरंगांक म्हणतात. हायड्रोजनच्या लाल रेषेचा तरंगांक सुमारे १५,२०० भरतो.

तरंगांक मांडले आणि गुंता सुटू लागला. प्रत्येक रेषा ही दोन संख्यांची वजाबाकी निघाली. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांसारखे हे आहे. दहा गावांमधल्या अंतरांची यादी केली तर पंचेचाळीस आकडे होतात आणि ते डोक्यात राहत नाहीत. पण प्रत्येक गावच्या दगडावरचा आकडा माहीत असला की पुरे. कुठलेही अंतर म्हणजे दोन दगडांची वजाबाकी. अणूच्या शेकडो रेषांमागे असेच मोजके ‘दगड’ होते.

दगडांवरचे आकडे एकाच रीतीने मिळत होते: एक ठरावीक संख्या घ्या आणि क्रमांकात थोडी दुरुस्ती करून त्याच्या वर्गाने तिला भागा. ही ठरावीक संख्या लिथियमसाठी, सोडियमसाठी, पोटॅशियमसाठी जवळजवळ एकच होती. पुढे बाल्मर यांचे सूत्र रिडबर्ग यांच्या हाती आले. ते आपल्याच सूत्राचे साधे रूप आहे आणि त्यातूनही तीच संख्या मिळते, हे त्यांनी ओळखले. आपणही पडताळू शकतो: ४ ला ३६४.५६ नॅनोमीटरने भागा. एका मीटरमागे सुमारे १ कोटी ९ लाख ७० हजार येतात. हाच रिडबर्ग स्थिरांक.

हायड्रोजनपुरता सापडलेला आकडा सगळ्या मूलद्रव्यांत निघावा, याचा अर्थ साऱ्या अणूंची बांधणी कुठेतरी सारखी असली पाहिजे. मात्र ती पाहायला १८९० साली अणूचे चित्रच कोणाकडे नव्हते.

अणूची बारव

ते चित्र १९१३ साली डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी दिले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत हान्सेन या सहकाऱ्याने त्यांना विचारले, की तुमचा अणू वर्णपटाच्या रेषांबद्दल काय सांगतो? बोर यांनी बाल्मरचे सूत्र नव्याने पाहिले आणि तुकडे जुळले.

आपल्याकडच्या पायऱ्यांच्या विहिरीची, बारवेची, कल्पना करा. तळाशी अणुकेंद्र ओढ लावून बसले आहे आणि इलेक्ट्रॉन पायऱ्यांवर आहे. त्याला पायरीवरच उभे राहता येते, अधेमधे नाही. मात्र या बारवेच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काठापासून खोली मोजली तर सर्वांत खालची पायरी १३.६ एकक खोल आहे, दुसरी १३.६ भागिले ४ म्हणजे ३.४, तिसरी १३.६ भागिले ९ म्हणजे १.५१. वर जावे तशा पायऱ्या दाटत जातात आणि काठाशी त्यांची गर्दी होते. हे एकक म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अणूंच्या जगातले ऊर्जेचे माप.

इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खाली उतरला की दोन खोल्यांमधला फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. तिसरीवरून दुसरीवर उतरला तर फरक १.८९, आणि हीच हायड्रोजनची लाल रेषा. चौथीवरून दुसरीवर आला की निळसर हिरवी. बाल्मर यांनी वजा केलेला तो ४ म्हणजे या दुसऱ्या पायरीचा वर्ग होता.

सगळी बारव आखणारे माप एकच, तळाची खोली. आणि ती खोली म्हणजे ऊर्जेच्या भाषेतला रिडबर्ग स्थिरांक. बोर यांनी तो इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, त्याचा विद्युतभार, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांतून गणिताने काढून दाखवला. तेव्हा या राशी फारशा अचूक माहीत नव्हत्या, तरी उत्तर मोजलेल्या आकड्याच्या पाच-सहा टक्क्यांत आले. मोजून सापडलेली संख्या आता कारणांसह समजली होती.

पहिली बाकी: .००१६

पण लगेच हरकत आली. अमेरिकेतल्या पिकरिंग यांना १८९६ मध्ये दक्षिण आकाशातल्या झीटा पपिस या ताऱ्यात काही रेषा सापडल्या होत्या. त्या हायड्रोजनच्या मानल्या जात. बोर म्हणाले, त्या हेलियमच्या आहेत. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या. त्याच्या केंद्राचा भार दुप्पट, म्हणून स्थिरांक दोनाच्या वर्गाने, म्हणजे चारपट दिसणार.

इंग्लंडचे आल्फ्रेड फाउलर रेषा मोजण्यात पारंगत होते. त्यांनी दाखवले, की मोजमापांतून पट ४ येत नाही, ४.००१६ येते. इतका फरक चुकीने येण्याइतकी ही मोजमापे ढोबळ नाहीत.

बोर यांनी ही बाकी झटकून टाकली नाही; ते पुन्हा हिशेबाला बसले. दोन मुली फुगडी घालतात तेव्हा काय होते? दोघी सारख्या असल्या तर दोघींच्या मधोमध असलेल्या बिंदूभोवती फिरतात. एक मोठी आणि एक चिमुरडी असेल तर चिमुरडी मोठा फेरा घेते, पण मोठीलाही थोडे फिरावेच लागते. अणुकेंद्र अगदी स्थिर आहे असे बोर यांनी धरले होते. प्रत्यक्षात हायड्रोजनचे केंद्र इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड आहे, त्यामुळे तेही किंचित डुलते. हेलियमचे केंद्र सुमारे ७,२९४ पट जड, म्हणून ते आणखी कमी डुलते. हे डुलणे धरले आणि पट आली ४.००१६३. दशांशचिन्हानंतरच्या त्या आकड्यांनी बोर यांच्या अणूला मोडायचे ते भक्कम करून टाकले.

म्हणूनच आज दोन आकडे सांगतात. केंद्र अनंत जड आणि पूर्ण स्थिर मानले तर १,०९,७३,७३१. खऱ्या हायड्रोजनसाठी १,०९,६७,७५८. फरक अर्ध्या टक्क्याच्याही दहाव्या भागाएवढा, पण त्यात केंद्राचे वजन लपलेले आहे.

दुसरी बाकी: जड हायड्रोजन

केंद्राचे वजन रेषेच्या जागेत दिसत असेल, तर जास्त वजनाच्या हायड्रोजनची रेषाही किंचित सरकलेली दिसली पाहिजे. अमेरिकेत हॅरॉल्ड युरी आणि त्यांचे सहकारी १९३१ मध्ये नेमके हेच शोधत होते. दुप्पट वजनाच्या हायड्रोजनची लाल रेषा नेहमीच्या रेषेपासून सुमारे ०.१८ नॅनोमीटरवर पडेल, असे रिडबर्गचे गणित सांगत होते. त्यांनी द्रवरूप हायड्रोजन सावकाश उडून जाऊ दिला, म्हणजे तळाशी जड अणूंचे प्रमाण वाढावे. उरलेल्या वायूच्या वर्णपटात ठळक रेषेच्या शेजारी, सांगितल्या जागी, एक फिकट रेषा उमटली. हा ड्यूटेरियम. युरी यांना १९३४ चे नोबेल मिळाले.

याच ड्यूटेरियमपासून जड पाणी बनते. रायगड जिल्ह्यातल्या थळ येथे त्याचा कारखाना आहे आणि तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीत ते वापरले जाते.

पुन्हा स्वयंपाकघरात

आता त्या पिवळ्या ज्योतीचा हिशेब पुरा करू. सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन असतात. दहा जण केंद्राभोवती घट्ट बसलेले, अकरावा बाहेर एकटा. हा अकरावा आतल्या घोळक्यात अधूनमधून शिरतो आणि तिथे त्याला केंद्राची ओढ जास्त जाणवते. त्यामुळे त्याच्या पायऱ्या हायड्रोजनपेक्षा खोल जातात. रिडबर्ग यांनी यासाठी क्रमांकातून थोडे वजा करण्याची युक्ती काढली होती. सोडियमच्या या इलेक्ट्रॉनची खालची पायरी ‘तिसरी’ असली तरी ती १.६२७ व्या क्रमांकासारखी वागते आणि तिच्या वरची २.११७ व्या क्रमांकासारखी.

दोन्हींचे वर्ग करा, १ ला त्यांनी भागा, वजाबाकी करा: सुमारे ०.१५४६. तिला रिडबर्ग स्थिरांकाने गुणा आणि लहरीची लांबी काढा. उत्तर येते सुमारे ५८९ नॅनोमीटर. वरण उतू गेल्यावर दिसलेला पिवळा तो हाच.

---

चौकट: थोडक्यात

• रिडबर्ग स्थिरांक: एका मीटरमागे १,०९,७३,७३१.५६८१५७. ऊर्जेत मांडला तर सुमारे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

• प्रत्येक रेषा म्हणजे अणूच्या दोन ऊर्जापायऱ्यांमधला फरक.

• हायड्रोजनच्या पायऱ्यांची खोली: स्थिरांक भागिले क्रमांकाचा वर्ग (१, ४, ९, १६...).

• १८८५ बाल्मर, १८९० रिडबर्ग, १९१३ बोर: आधी आकृतिबंध, मग समान संख्या, शेवटी कारण.

• केंद्र जितके जड, तितका हा आकडा किंचित मोठा. त्यातूनच ड्यूटेरियम सापडला.

---

तिसरी बाकी: प्रोटॉन केवढा?

लेसर आले आणि मोजमापाची धार कमालीची वाढली. जर्मनीतल्या गार्शिंग येथे थिओडोर हेन्श यांच्या गटाने हायड्रोजनच्या पहिल्या दोन पायऱ्यांमधला फरक पंधरा अंकांपर्यंत मोजला. एवढ्या बारकाईत एक नवी गोष्ट आड येते. हायड्रोजनचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन; तो बिंदू नाही, त्याला आकारमान आहे, आणि तळाच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन कधीकधी त्याच्या आतूनही जातो.

मग रिडबर्ग स्थिरांक आणि प्रोटॉनची त्रिज्या या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात अडकतात. वाण्याने साखर आणि तांदूळ मिळून एकच रक्कम सांगावी, तसे. एकाचा भाव चुकीचा धरला की दुसऱ्याचाही चुकतो.

स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत २०१० मध्ये इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन बसवून हायड्रोजन तयार केला गेला. म्यूऑन हा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड असतो, त्यामुळे तो प्रोटॉनच्या फार जवळून फिरतो आणि त्याचा आकार चांगलाच जाणतो. त्रिज्या निघाली ०.८४२ फेम्टोमीटर, तोवर मान्य असलेला आकडा होता ०.८७७. फेम्टोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा दशलक्षावा भाग. चार टक्क्यांची ही तफावत अनेक वर्षे भौतिकशास्त्रज्ञांना अस्वस्थ करत होती. २०१७ मध्ये गार्शिंगने साध्या हायड्रोजनवर लहान त्रिज्या मोजली, २०१८ मध्ये पॅरिसने मात्र मोठीच, आणि २०१९ मध्ये टोरांटोने पुन्हा लहान. स्थिरांकांच्या आंतरराष्ट्रीय यादीने लहान त्रिज्या स्वीकारली. त्याबरोबर रिडबर्ग स्थिरांकाची शेपटी ५६८५०८ वरून ५६८१६० वर आली आणि आजच्या यादीत ती ५६८१५७ आहे. प्रोटॉन केवढा, हे त्या शेपटीत लिहिलेले होते.

नारायणगावच्या आकाशात

हाच आकडा अवकाशातही चालतो. ताऱ्यांमधल्या विरळ वायूत एखादा इलेक्ट्रॉन बारवेच्या अगदी वरच्या, १६७ व्या पायरीवरून १६६ व्या पायरीवर उतरतो. पायऱ्या तिथे इतक्या दाट आहेत, की बाहेर पडणारी लहर डोळ्यांना दिसत नाही, ती १,४२४.७ मेगाहर्ट्झची रेडिओलहर असते. असा फुगलेला अणू जवळपास तीन मायक्रोमीटर रुंद असतो, एखाद्या जिवाणूएवढा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण आहे. या जातीच्या रेषा ती टिपू शकते आणि दूरच्या मेघांचे तापमान व गती त्यांवरून कळते.

प्रयोगवहीतली बाकी

बी.एस्सी.ला असताना हा स्थिरांक मी स्वतः मोजला आहे. अंधाऱ्या खोलीत हायड्रोजनची नळी गुलाबी जळत होती. दुर्बिणीत आधी लाल रेषा आली, मग निळसर हिरवी, आणि डोळे अंधाराला सरावल्यावर एक अंधूक जांभळी. अंशांच्या चकतीवरचे आकडे टॉर्चच्या उजेडात वाचून मी वहीत लिहिले. उत्तर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा थोडे कमी आले. शेजारच्या टेबलावर सगळ्यांची उत्तरे जुळलेली होती, म्हणून मीही एका कोनाचा आकडा खोडला आणि जुळणारा लिहिला. सही मिळाली.

तो खोडलेला आकडा मला अजून टोचतो. लॉकियर यांनी पिवळी रेषा सोडियमचीच म्हणून सोडून दिली असती, फाउलर यांनी ४.००१६ चे ४ केले असते, युरी यांनी ठळक रेषेशेजारची फिकट रेघ डाग समजून टाळली असती, तर हेलियम, डुलणारे अणुकेंद्र आणि जड हायड्रोजन आपल्याला केव्हा भेटले असते कोण जाणे. माझ्या बाकीत नवे मूलद्रव्य खचितच नव्हते; बहुधा चकती नीट लावली नव्हती एवढेच. पण ते तरी मला कळले असते.

आज माझ्याकडे कोणी मूल प्रयोगवही घेऊन आले, तर मी सांगतो: आले ते लिही. पुस्तकातला आकडा त्याच्या शेजारी लिही. आणि दोन्हींची वजाबाकी करून तिच्याखाली रेघ मार.